आषाढात दिवेआगरला चार रात्री: पावसात समुद्राकाठी दिवस कसे घालवावेत?

अमळनेरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी दिवेआगरला समुद्राजवळची दोन खोल्यांची कॉटेज आषाढ वद्य चतुर्दशीपासून चार रात्रींसाठी घेतली आहे. सोबत सासू-सासरे, नवरा आणि सात व बारा वर्षांची दोन मुलं. आगाऊ पैसे भरून झालेत आणि आता अंदाज चारही दिवस पावसाचा आहे. घरातले म्हणतात, रद्द करा, एवढ्या लांब जाऊन भिंती बघत बसायचं का? ताईंना दोन गोष्टी हव्या आहेत: जाणं शहाणपणाचं आहे का, आणि आत बसून मुलांना काय खेळायला द्यावं.

ताई, खान्देशातल्या कुटुंबांच्या कोकणातल्या सहली आखून देणं हे माझं काम आहे, म्हणून आधी प्रश्नच थोडा सरकवतो. पावसाळ्यातल्या सहली कंटाळ्यापेक्षा ओलाव्यानं बिघडतात. पहिल्या दिवशी सगळे हौसेनं भिजतात, दुसऱ्या दिवशी घालायला कोरडं काही उरत नाही, टॉवेलला कुबट वास येतो, अंथरूण दमट लागतं, धाकटं शिंकायला लागतं, आणि तिसऱ्या दिवशी परतीची भाषा सुरू होते. खेळ कितीही नेले तरी हे टळत नाही. म्हणून माझं सगळं उत्तर एका गोष्टीभोवती आहे: भिजायची जागा आणि कोरडं राहायची जागा पहिल्या तासातच वेगळ्या करायच्या. तेवढं जमलं की मुलांना दिवसातून तीनदा भिजू देता येतं, आणि त्यांना खरं तर तेच हवं असतं.

जावं की नाही, हे मात्र परिस्थितीवर आहे. हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेलेल्या पावसाला जोरदार, ११५.६ च्या वर अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार म्हणतं. साधारण याच चढत्या क्रमानं पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा येतो. दिवेआगर ज्यात येतं त्या रायगड जिल्ह्याला पिवळा इशारा असेल तर बेधडक जा. जुलैत तिथे तो रोजचाच. नारिंगी असेल तर जा, पण घाट आणि प्रवास दिवसाउजेडीच उरका. लाल असेल तर निघू नका, आणि तिथे असताना लाल झाला तर परतीची घाई न करता आहात तिथेच थांबा. निघण्याच्या आदल्या दिवशी कॉटेजवाल्यांना दोनच प्रश्न विचारा: म्हसळ्याहून येणारा रस्ता चालू आहे का, आणि मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंत पाणी साचतं का किंवा एखादा पऱ्या (ओढा) ओलांडावा लागतो का. पैसे परत मागण्यापेक्षा तारीख पुढे सरकवून मागा, ते बहुतेक जण देतात.

तारखेबद्दल एक सांगायलाच हवं. तुमचा मुक्काम बरोबर आषाढ अमावास्येवर येतोय. श्रावण लागण्याआधीची ही अमावास्या, त्यामुळे तिच्या आसपासच्या शनिवार-रविवारी किनाऱ्यावरच्या कॉटेजेसमध्ये मांसाहाराच्या आणि इतर पार्ट्यांची गर्दी असते. सासू-सासरे सोबत असताना शेजारच्या खोलीतला मध्यरात्रीचा गोंगाट नको असेल तर बाकीच्या खोल्या कोणी घेतल्यात हे आत्ताच विचारून घ्या.

आता समुद्र. मुलं त्याच्यासाठीच येणार आणि तो पोहायला बंद असणार, हे त्यांना अमळनेरलाच सांगून ठेवा. जुलैत लाटा लागोपाठ येतात, वाळूची पातळी रोज बदलते, आणि लाटांनी वर आणून टाकलेलं पाणी एखाद्या ठरावीक पट्ट्यातून जोरानं आत ओढलं जातं. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत, काळसर दिसतोय, तर तीच ओढीची जागा. अनोळखी माणसाला नेमकी तीच सुरक्षित वाटते. नियम साधा ठेवा: आधीच्या लाटेनं वाळू जिथवर ओली केली आहे त्या रेषेच्या वरच उभं राहायचं, आणि धाकट्याचा हात मोठ्या माणसाच्या हातात. गाडी वाळूवर नेऊ नका. चाक रुतलं की भरती यायच्या आत ती निघेलच असं नाही.

एवढं पाळलं तर पावसाळी समुद्र बघण्यात जी मजा आहे ती मे महिन्याच्या निळ्या पाण्यात नाही. फक्त वेळ साधावी लागते, आणि ती घड्याळापेक्षा तिथीवर ठरते. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्दशी म्हणजे १४, त्याची पाऊणपट साडेदहा, म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमारास पूर्ण भरती. तिथून सव्वासहा तासांनी, पावणेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, दिवस आखायला तेवढा पुरतो. तुमच्या मुक्कामात अमावास्येमुळे उधाण असेल, म्हणजे भरती खूप वर आणि ओहोटी खूप खाली. त्यामुळे पहिल्या दोन दिवशी दुपारी चार ते सहा आणि शेवटच्या दोन दिवशी सकाळी साडेसहा ते साडेआठ, या वेळांना चालायला रुंद, घट्ट वाळू मिळेल. दुपारी बाराच्या पुढेमागे पाणी सुरूच्या झाडांच्या दिशेनं चढलेलं असेल, तेव्हा लांबून, उंचावरून बघायचं. हरिहरेश्वरला गेलात तर देवळाचं दर्शन घ्या, पण खडकांमधून जाणारी प्रदक्षिणेची वाट या दिवसांत सोडून द्या. भरतीला ती पाण्याखाली जाते आणि ओहोटीलाही एखादी मोठी लाट खडकावरून माणूस ओढून नेते.

ओहोटीच्या वाळूवर मुलांना बघायला खूप असतं: तुटलेल्या जाळ्यांचे तुकडे, लाकडं, शिंपले, खेकड्यांनी काढलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी. दोन गोष्टींना हात लावू द्यायचा नाही. एक, निळसर पारदर्शक फुग्यासारखा दिसणारा आणि मागे दोऱ्या असलेला जीव. तो मेलेला असला तरी त्या दोऱ्या डंख करतात. लागलाच तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चिकटलेले धागे चिमट्यानं काढा आणि तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं धरा. श्वास लागला किंवा अंगावर गांधी उठल्या तर थेट दवाखाना. दुसरी गोष्ट डांबराच्या काळ्या मऊ गोळ्या. पावसाळ्यात त्या किनाऱ्याला लागतात आणि तळव्यांना चिकटतात. साबणानं त्या निघत नाहीत, खोबरेल तेल चोळून निघतात.

पाऊस दिवसभर एकसारखा पडेल ही भीती खान्देशातून निघताना सगळ्यांनाच असते. प्रत्यक्षात बहुतेक दिवशी तो सरींनी येतो: वीस मिनिटं धो धो, मग अर्धा तास उघडीप, मग भुरभुर. दोन दिवस झड लागते तेव्हा गोष्ट वेगळी, पण चारही दिवस तसे जाणं कमी. म्हणून बाहेर पडायची तयारी दाराशीच ठेवा. उघडीप दिसल्यावर कपडे शोधायला लागलात तर ती संपते.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ती व्यवस्था. पोचलात की पडवी बघा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, त्यामुळे समुद्राकडे तोंड असलेली पडवी चित्रात छान दिसते आणि जुलैत तिथे पाण्याचे तुषार येतात. बाजूची किंवा मागची, निदान आठ फूट खोल पडवी असेल तर दिवसभर तिथेच बसता येतं. समोरचीच असेल तर मालकांना पश्चिमेच्या बाजूला माडाच्या झावळांचे झाप किंवा ताडपत्री बांधून द्यायला सांगा, त्यांच्याकडे ती असतेच. छप्पर पत्र्याचं की कौलांचं हेही विचारा. पत्र्यावर मोठी सर आली की बोलणं ऐकू येत नाही आणि म्हाताऱ्या माणसांची झोप मोडते. गरम पाणी सोलरचं असेल तर या दिवसांत ते येणार नाही. गॅसचा गीझर किंवा बंब आहे याची खात्री करा.

पडवीच्या पायऱ्यांशी भिजण्याची हद्द संपवायची. तिथे एक बादली पाणी, तांब्या, जुनं गोणपाट किंवा काथ्याचं पायपुसणं आणि ओल्या कपड्यांसाठी एक टब. बाहेरून आलेल्यानं तिथेच वाळू धुवायची, रेनकोट तिथेच टांगायचा, पंचा गुंडाळून आत जायचं. वाळू खाऱ्या पाण्याची असते आणि मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. म्हणून समुद्रावरचे कपडे गोड्या पाण्यातून काढल्याशिवाय वाळत घालू नका, नाहीतर ते दोन दिवस चिकट राहतात.

दोन खोल्यांपैकी एक खोली पूर्ण कोरडी ठेवा आणि ती सासू-सासऱ्यांना द्या. तिथे ओला कपडा टांगायचा नाही. दुसऱ्या खोलीत पंख्याखाली दहा-दहा मीटरच्या दोन नायलॉनच्या दोऱ्या आणि दोन डझन चिमटे. कपडे आधी पिळायचे, मग कोरड्या पंचात गुंडाळून पुन्हा दाबायचे, आणि एकमेकांना न चिकटता टांगायचे. एसी असेल तर ड्राय मोडवर दोन तास आणि सोबत पंखा, खिडक्या बंद. पंखा नुसता आणि खिडक्या बंद असतील तर दमट हवा आतच फिरते, तेव्हा एक खिडकी उघडी ठेवा. झोपायच्या आधी चादरी-उशांवरून इस्त्री फिरवली की दमटपणा जातो. छोटी इस्त्री सोबत असू द्या. घरची गोधडी नेऊ नका, ती ओलावा पिते आणि चार दिवसांत वाळत नाही. पातळ चादरी आणि हलकं ब्लँकेट न्या.

कपड्यांत सुती कमी, सिंथेटिक जास्त. जीन्स एकही नको. माणशी तीन पंचे, जाड टॉवेल नको. चामड्याचे बूट-पट्टे घरी ठेवा, चार दिवसांत बुरशी धरतात. पायात मागे पट्टा असलेल्या प्लॅस्टिकच्या किंवा रबरी सँडल. साध्या स्लिपर ओल्या वाळूत निघून येतात. कोकणात पायऱ्या आणि अंगणं जांभ्या चिऱ्याची असतात आणि त्यांवर शेवाळ असतं. सासू-सासऱ्यांसाठी रबरी टोपण असलेली काठी न्या आणि मालकांना पायऱ्यांवर चुना किंवा ब्लीचिंग पावडर घासून द्यायला सांगा. छत्री वाऱ्यात उलटी होते, रेनकोट वेगळी पँट असलेलाच घ्या. रात्री अंगणात जाताना टॉर्च हवी आणि पायात काहीतरी हवंच, आणि सकाळी सँडल झटकूनच घालायच्या: या दिवसांत साप-विंचू कोरड्या जागेच्या शोधात असतात. भाताच्या खाचरात किंवा साचलेल्या पाण्यात पायाला जखम असेल तर उतरू नका. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका असतो. घरी परतल्यावर पंधरवड्यात ताप आला तर डॉक्टरांना कुठे जाऊन आलात ते सांगा.

वीज जाते, कधी रात्रभर. मोठी पॉवर बँक, दोन टॉर्च, आणि रेंज जाते म्हणून शंभर-दोनशेच्या नोटांत रोख रक्कम. फोन ओला झाला तर चार्जिंगला लावू नका, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. एसीतून एकदम बाहेर काढलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरते. तो पिशवीतच बंद ठेवून अर्धा तास पडवीत राहू द्या.

मुलांच्या खेळांबद्दल: कॅरम नेऊ नका. पावडरच्या गुठळ्या होतात, सोंगटी सरकत नाही, बोर्ड फुगतो. कागदी पत्ते चिकटतात, प्लॅस्टिकचे न्या. जलरंग वाळत नाहीत, तेलखडू चालतात. पण या सगळ्यापेक्षा बारा वर्षांच्या मुलासाठी मी एक काम सुचवतो, पाऊस मोजण्याचं. सरळ उभ्या भिंतीचा, सपाट तळाचा स्टीलचा डबा उघड्यावर ठेवायचा, झाडांपासून आणि पागोळ्यांपासून दूर, चार विटांच्या आधारानं म्हणजे वाऱ्यानं पडणार नाही. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्याच वेळेला, पट्टीनं पाण्याची खोली मोजायची. डबा लहान असो वा मोठा, भिंती सरळ असतील तर जितके मिलिमीटर खोली तितके मिलिमीटर पाऊस. निमुळता किंवा फुगीर डबा घेतला तर आकडा चुकतो. वहीत रोजचा आकडा, वाऱ्याची दिशा, भरतीची वेळ. आपल्याकडे वर्षभरात सहा-सातशे मिलिमीटर झाला तरी शेतकरी समाधानी असतो. तेवढा पाऊस इथे जुलैच्या दोन-तीन आठवड्यांत पडू शकतो. का, ते येताना दाखवा. ढग समुद्रावरून येतात, सह्याद्री चढताना थंड होतात आणि बरंचसं पाणी अलीकडेच टाकतात. पलीकडे उतरताना हवा कोरडी होत जाते, आणि आपलं गाव त्या पलीकडच्या बाजूला आहे. कसारा घाटाच्या वर आणि खाली पावसात किती फरक पडतो हे गाडीच्या काचेतूनच दिसतं. पेरणीनंतर आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या घरातल्या मुलाला हे एकदा कळलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

सासऱ्यांसाठी उघडीप बघून दोन छोट्या फेऱ्या पुरे: सुवर्ण गणेशाचं देऊळ आणि रूपनारायणाचं देऊळ, दोन्ही गावातच. इथे सापडलेला ताम्रपट शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे आणि मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव, तिथे गाडीनं जाता येतं. वाटेत सुपारीच्या वाड्या दिसतील. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात यांतली हजारो झाडं आडवी झाली होती. नवी लावलेली अजून उंचीला लहान आहेत. जंजिऱ्याचा बेत करू नका, किल्ल्यापर्यंतच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात.

जेवण. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बिगरयांत्रिक होड्यांना सूट आहे, पण या समुद्रात त्या फारशा जात नाहीत. तेव्हा 'ताजी सुरमई' म्हणून जे येईल ते बहुधा बर्फातलं किंवा बाहेरून आलेलं. त्यापेक्षा खाडीचे मासे, खेकडे, किंवा सुकी कोलंबी (तिथे सोडे म्हणतात) घातलेली वांगी-बटाट्याची भाजी मागा, आणि घरात श्रावण पाळत असाल तर हे सगळं अमावास्येच्या आत उरका. नंतर कुळथाचं पिठलं, अळूचं फदफदं, टाकळ्याची भाजी, तांदळाची भाकरी, घावन आणि उकडीचे मोदक. हे लोक ताजं करून वाढतात, म्हणून दुपारचं जेवण नाश्त्याच्या वेळी आणि रात्रीचं चारच्या आत सांगायचं.

एक संध्याकाळ मात्र स्वयंपाकघर मागून घ्या आणि शेवभाजी करा. सहा जणांसाठी पाव किलो जाड तिखट शेव, चार कांदे, एक वाटी सुकं खोबरं, पंधरा पाकळ्या लसूण, बोटभर आलं, तीन चमचे घरचा काळा मसाला. खोबरं घरून न्या. तिथे ओला नारळ हाताशी असतो, पण त्यानं रस्सा गोडसर होतो आणि आपली चव येत नाही. कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजून वाटायचं, भरपूर तेलात परतून दीड लिटर गरम पाणी घालून उकळायचं, आणि शेव ताटात वाढतानाच घालायची. शेव, बिबड्या (ज्वारीचे पापड), कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ हे सगळं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतलं एका रात्रीत सादळतं. बिबड्या तिथेच तळा, तळून नेऊ नका. मालकीणबाईंना एक ताट पाठवा. बदल्यात घावनाचं पीठ किती पातळ ठेवायचं ते सुनेपेक्षा सासूबाई जास्त आवडीनं शिकतील.

प्रवास लांबचा आहे, एकेरी पाचशे किलोमीटरच्या वर. धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा, पनवेल, माणगाव, म्हसळा असा रस्ता धरा आणि मुलं-म्हातारे असताना तो एका दिवसात करू नका. नाशिकला मुक्काम करून पहाटे पाचला निघालात तर दुपारी पोचता. पुण्याकडून ताम्हिणी घाटानं दृश्य सुंदर, पण दरडींचा आणि सुट्टीच्या दिवशी धबधब्यांवरच्या गर्दीचा त्रास. परतीनंतर एक दिवस रजेचा मोकळा ठेवा, घाट बंद पडला तर उपयोगी येतो.

निघायच्या सकाळी ओले कपडे बंद पिशवीत कोंबू नका, वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या गोणीत ठेवा. नाशिकला थांबाल तिथे ते पसरून टाका, वरची हवा कोरडी असेल तर तासाभरात निम्मे सुकतील. घरी पोचल्यावर गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवून घ्या, खारट चिखल राहिला तर दिवाळीपर्यंत गंज दिसायला लागतो.